स्टोयानभाऊजींची जत्रा

माझी बायको सुमन आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे स्टोयानच्या काळ्या कोटाची शिवण उसवून तो पोटाला मोठा करणं. माणूस वर्षभर हॉटेलच्या किचनमधला पाव खाऊन वाढला होता आणि कोट होता तेवढाच राहिला होता. दुबईपलीकडच्या फुजैरात हॉटेलच्या मागे आमची स्टाफ बिल्डिंग होती. तिथल्या आमच्या खोलीत दुपारी स्टोयान स्टुलावर हात पसरून उभा, बुजगावण्यासारखा. सुमनच्या तोंडात टाचण्या. मी खाली कात्री धरून बसलेलो, कारण कात्री धरण्यापलीकडे माझ्यावर तिचा विश्वास नव्हता.

कोट अंगात गेला. बटण लागलं. स्टोयान स्टुलावरून उतरला, कोट काढून खुर्चीला अडकवला, दोन पावलं मागे सरून ताठ उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. कोटाला.

"प्रीमिएरा!" म्हणाला. त्याच्या भाषेत म्हणजे पहिला खेळ.

मग हाताची घडी घालून त्याने चर्चा सुरू केली. "खांदे उत्तम. पाठ ठीक. पोटाकडे मात्र थोडी घाई झाली."

"घाई मी नाही केली भाऊजी," सुमन टाचण्या काढत म्हणाली, "पोटानेच केली."

हा माणूस असाच. कुठलीही नवी गोष्ट पहिल्यांदा झाली की उठून टाळ्या वाजवणार आणि लगेच तिच्यातल्या चुका सांगणार. मी हॉटेलात एसी मेकॅनिक. पहिल्या वर्षी त्याच्या खोलीतला एसी बंद पडला तेव्हा मी जुना काढून दुसरा बसवला. मी चालू करणार तेवढ्यात म्हणाला, "थांबा!" आतून खुर्ची आणली, दाराशी ठेवली, तीवर बसला, डोळे मिटले आणि हात हलवून मला परवानगी दिली. एसी घरघरला. हा ऐकतोय. मला वाटलं, झोपला. मी प्लग काढला तसा उठला आणि टाळ्या.

"सुरुवात जोरदार," म्हणाला. "मधला भाग लांबला. पण शेवट असा अचानक का केलात, मिस्टर परब?"

"मी प्लग काढला."

"धाडसी," म्हणाला.

मी खाली येऊन सुमनला सांगितलं, वरच्या खोलीत वेडा आलाय, दार लावून घेत जा. तिने दार लावलं नाही. त्याच संध्याकाळी त्याला सोलकढी दिली.

स्टोयान बल्गेरियाचा. तो देश कुठे आहे ते मला त्याने नकाशावर दाखवलं तरी माझ्या डोक्यात बसलं नाही. मी सातवी नापास, मला ओमानची हद्द कळते कारण ती आमच्या डोंगरामागे होती. स्टोयान आमच्या हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवायचा. नव्वद सालानंतर तिकडचं सरकार बदललं, तशी त्याच्यासारखी कितीतरी वाजवणारी माणसं पोटासाठी बाहेर पडली. कोणी बोटीवर, कोणी कुठल्या हॉटेलात. हा फुजैराला आला. लॉबीत बसणारे कोण, तर जहाजांना तेल देणाऱ्या कंपन्यांचे एजंट, कंटाळलेले कॅप्टन, सुट्टीत दुबईहून येणारी कुटुंबं. त्यांना वाढदिवसाचं गाणं पाहिजे, लग्नाचं पाहिजे, नाहीतर काहीच नको, नुसता आवाज पाहिजे.

पण स्टोयान नुसता वाजवणारा नव्हता, बनवणारा होता. स्वतःचं संगीत लिहायचा. ते लॉबीत चालणार नाही हे त्याला ठाऊक, म्हणून तो गुपचूप मिसळायचा. छान गोड चाल चाललेली असायची आणि मध्येच भातात खडा लागावा तसं काहीतरी दाताखाली यायचं. लेबनीज मॅनेजर होता, मिस्टर नबील. तो केबिनमधून धावत बाहेर यायचा.

"स्टोयान, हबीबी, हे काय होतं?"

"सॉरी. चूक झाली."

"तू रोज त्याच जागी चुकतोस!"

"नबील, मी मेहनती माणूस आहे."

तो इंग्लिश आणि आमच्या पोरांकडून उचललेली हिंदी कालवून बोलायचा. मी इथे सगळं मराठीत लिहितो आहे, तो मात्र मराठीतला 'भाऊजी' हा एकच शब्द ओळखायचा आणि त्याला ओ द्यायचा. सुमनला तो 'मादाम' म्हणायचा. हॉटेलच्या लिनन रूममध्ये चादरी आणि पडदे शिवणाऱ्या बाईला मादाम म्हणणारा तेवढाच एक. ती वरून म्हणायची, "काहीतरीच!" पण त्या दिवशी केस नीट बांधलेले असायचे.

हळूहळू शुक्रवारचा नियम झाला. शुक्रवारी सुमन आयुष्यात कधी केलं नाही असं काहीतरी करणार आणि स्टोयान त्याची प्रीमिएरा करणार. डब्यातल्या फणसाची भाजी झाली. खजुराचं सांदण झालं. चर्चा जोरात. "लसूण फार लवकर आत येते, मादाम. तिला दारामागे थांबवा." पुढच्या वेळी सुमनने लसूण उशिरा घातली. गावाला आमच्या आईने तिला वीस वर्षं सांगून ती ऐकली नव्हती. मी म्हणालो, माझ्या मताला काही किंमत? तर स्टोयान म्हणतो, "तुम्ही पब्लिक. पब्लिकने शेवटी टाळ्या वाजवायच्या आणि घरी जाऊन शिव्या द्यायच्या."

ही चर्चेची खोड त्याला कुठून लागली ते त्यानेच सांगितलं. सोफियात, म्हणजे त्यांच्या राजधानीत, दर वसंतात नव्या संगीताचा महोत्सव भरायचा. नवं म्हणजे अगदी नवं, जिवंत माणसांनी त्या वर्षी लिहिलेलं. जुन्या काळी सरकारचा पैसा होता, मोठा हॉल, रेडिओचा सगळा वाद्यवृंद दिमतीला. लिहिणारे समोर बसणार, त्यांच्यासमोर त्यांची वस्तू, म्हणजे रचना, पहिल्यांदा वाजणार. ती संपली की वरच्या मजल्यावर एका खोलीत सगळे जमणार, सॉसेज आणि त्यांची ती घरगुती दारू घेऊन, आणि ज्याचं वाजलं त्याला मधे बसवून सोलून काढणार. "माझ्या पहिल्या वस्तूला म्हणाले, हिला कोपरे फार आहेत," स्टोयान सांगायचा आणि असा फुलायचा की जणू शाल-श्रीफळ मिळालं.

मग सरकार गेलं, पैसा गेला. महोत्सव राहिला. वाजवणारे बिनपैशाचे वाजवू लागले. हॉल गरम करायला तेल नाही, म्हणून ओव्हरकोट घालून वाजवायचं. लिहिणारे देशोदेशी पांगलेले, पण वसंत आला की जो तो पदरच्या पैशाने परत. कोणी व्हिएन्नात टॅक्सी चालवणारा, कोणी बोटीवर वाजवणारा. नवी पोरं तर पियानोचं झाकण उघडून आत हात घालून तारा खाजवायची म्हणे.

"आणि ऐकायला कोण असतं?" मी विचारलं.

"लिहिणारे असतात. वाजवणाऱ्यांच्या बायका असतात. आणि एक म्हातारी येते, तिला घरी थंडी वाजते."

"पण तुम्ही म्हणालात हॉलही थंडच असतो."

"हो. पण तिथे सोबत असते."

"म्हणजे ज्यांनी रांधलं त्यांनीच जेवायचं. मग उपयोग काय?"

तो पहिल्यांदा गंभीर झाला. म्हणाला, "परब, आमची जुनी गाणी सगळा देश गातो. लग्नात गातो, पिऊन गातो, न पिता गातो. त्यांना माझी गरज नाही. पण आज जे जन्मलं त्याला कोण विचारतो? वर्षातून एकदा त्याच्यासाठी दार उघडतं. तेवढ्यात आत शिरलं तर शिरलं."

सुमन भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "नवी सून दारात आली की तिला आत घ्यायला कोणीतरी उभं असावं लागतं, तसंच ना?"

तिचं हे मी त्याला मोडक्या हिंदीत समजावलं. स्टोयानने खुर्ची मागे सारली. आम्हाला वाटलं आता टाळ्या. तर त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "आणि ज्याने तिला आणली, तो दारात नको?"

"तो तर हवाच. तो नसला तर तिने कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

तेव्हापासून सुमन त्या महोत्सवाला जत्रा म्हणायला लागली. आमच्या तळकोकणात हे सांगावं लागत नाही. गावच्या जत्रेला मुंबईची माणसं नोकरी सोडून येतात, साहेबाने रजा नाही दिली तर साहेबच सोडतात. स्टोयान हेच करायचा. वसंत म्हणजे आमच्या हॉटेलचा भर सीझन. तो रजा मागायचा, मिस्टर नबील कपाळावर हात मारायचा, स्टोयान खिशातून आधीच लिहून ठेवलेला राजीनामा काढून टेबलावर ठेवायचा. मॅनेजर तो ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावायचा, पुढे पाठवायचा नाही. आठ-दहा दिवसांनी स्टोयान परत आला की दोघं एकमेकांना मिठी मारायचे आणि कागद फाडायचे. मी बाकी कशासाठी नाही, पण एवढ्यासाठी या माणसाला मानत होतो. एसीच्या आवाजाला टाळ्या वाजवणारा वेडा असेल, जत्रा चुकवणारा मात्र नव्हता.

जत्रेहून आला की दोन दिवस नुसतं भांडण सांगायचा. कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, कोणाचं संगीत ऐकून कोण उठून गेला. एकदा त्याने तिथली कॅसेट आणली आणि आमच्या टेपवर लावली. मी तोंडावर सांगितलं, मोरीत भांड्यांची चळत कोसळल्यासारखं वाटतंय.

"ऐकलंत!" तो उडालाच. "तिथले अर्धे लोक झोपले होते, तुम्हाला भांडी तरी दिसली!"

पण एका वर्षी परतला तो गप्प. सोलकढीची चर्चा नाही, काही नाही. सुमनने खोदून विचारलं तेव्हा बोलला. इतकी वर्षं तो जात होता, पण ऐकायला. देश सोडल्यापासून त्याचं स्वतःचं काही तिथे वाजलं नव्हतं. दरवर्षी काहीतरी लिहून पाठवायचा, ते निवडलं जायचं नाही. त्या वर्षी वरच्या मजल्यावर चर्चेत तो कोणाच्या तरी चुका सांगायला लागला, तर जुना मित्रच म्हणाला, तू बोलू नकोस, तू आता हॉटेलवाला.

"मग? हॉटेलवाला म्हणजे काय चोर?" सुमन तडकली. "त्यांना सांगा, हॉटेलातलंच लिहून आणतो, ऐका म्हणावं."

तिने रागात म्हटलं, पण हा ते धरून बसला. लिनन रूम लॉबीच्या बरोबर खाली होती. दुपारी लॉबी रिकामी असायची तेव्हा स्टोयान खाली जाऊन सुमनच्या मशीनपाशी बसायला लागला. लिननचा सुपरवायझर मला म्हणाला, तुझ्या बायकोकडे गोरा येऊन बसतो. मी म्हणालो, बसू दे, पडदे टोचून घेईल. वर्षभर ते चाललं. चार जणांनी वाजवायची वस्तू होती ती. दोन व्हायोलिनं, एक त्याहून जरा मोठं आणि एक पायात धरायचं. लिहून झाल्यावर एका शुक्रवारी त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटांनी ती वाजवून दाखवली. टकटक, टकटक, थांब, टक.

"मादाम, हे तुमचं मशीन. दुसरं व्हायोलिन वाजवणार."

सुमनने कान देऊन ऐकलं आणि माझ्याकडे वळून मालवणीत म्हणाली, "माझा मशीन असा अडखळणा नाय हां."

मी त्याला सांगितलं. तो खोखो हसला, पण खोलीत जाऊन त्याने ती जागा बदलली म्हणे.

ती वस्तू निवडली गेली. मिस्टर नबीलच्या केबिनमध्ये फॅक्स आला तेव्हा स्टोयान लॉबीत कोणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचं वाजवत होता. मॅनेजरने कागद पियानोवर नेऊन ठेवला. त्या संध्याकाळी लॉबीतल्या लोकांनी काय ऐकलं असेल देव जाणे, पण मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आला नाही.

मग एकच विषय. स्टोयान जाणार, पहिल्या रांगेत बसणार, चार जण वाजवणार, तो उभा राहणार. वरच्या मजल्यावर त्याला मधे बसवून सोलणार. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सोलून घ्यायला पोरासारखा उतावीळ झालेला. त्याचं म्हणणं, लिहिणारा हॉलमध्ये नसेल तर ती वस्तू बेवारस. लोक काय, दुसऱ्या दिवशी विसरतात, आणि पुन्हा कोणी ती वाजवत नाही. जे काय आहे ते त्या एका वेळचं. म्हणूनच तो कोट. सकाळी दुबईहून विमान, त्यासाठी टॅक्सी ठरवलेली, बॅग भरून दाराबाहेर उभी करून ठेवलेली. आदल्या दुपारी आम्ही कोट पोटाला मोठा केला, ते मी वर सांगितलंच.

कोट देऊन सुमनने चहा केला, आम्ही तिघं प्यायलो आणि ती कामावर खाली गेली. पडदे अर्धे राहिले होते. तासाभराने लिननचा सुपरवायझर माझ्याकडे छतावर धावत आला. मी एसीचं पाणी बघत होतो. ती मशीनवर डोकं टेकून बसली होती. आधी मला वाटलं दोरा ओवते आहे.

हॉस्पिटलच्या डॉक्टरने हार्ट म्हणून सांगितलं. तिने कधी छातीत दुखतं म्हणून एक अक्षर काढलं नव्हतं. का काढलं नाही हे विचारायला ती हवी होती. इतकं मी लिहू शकतो, पुढचं त्या संध्याकाळचं लिहीत नाही.

स्टोयान लॉबीतल्या कपड्यातच हॉस्पिटलात आला होता. टाय सैल केलेला. मी त्याला म्हणालो, तुम्हाला सकाळी निघायचंय, जाऊन झोपा. पुन्हा म्हणालो. घरी येईपर्यंत मी हे किती वेळा म्हटलं असेल, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. जत्रा चुकवू नका, सुमनला आवडणार नाही. त्याने मला खोलीत आणून सोडलं आणि स्वतःच्या खोलीत गेला.

त्याची वस्तू सोफियात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाजली. ते कळलं ते फोनवर. तेव्हा मी आणि तो दुबईला कार्गोच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसलो होतो, सुमनला गावी न्यायचे कागद व्हायचे होते. मीच म्हणालो, फोन तरी करा. त्याने बूथमध्ये कार्ड घातलं आणि तोंड भिंतीकडे करून बराच वेळ बोलला. बाहेर आला.

"काय म्हणतात?"

"एक जण मध्येच उठून गेला."

"मग?"

"वरच्या मजल्यावर भांडण झालं. दोन तट पडले."

"म्हणजे वाईट झालं?"

"नाही, परब," म्हणाला. "खूप चांगलं झालं." आणि खिशातून रुमाल काढून त्याने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

मी सुमनला घेऊन गावी आलो. नंतर पुन्हा जाऊन दोन वर्षं काम केलं, मग कायमचा आलो. आता मुलीकडे असतो. स्टोयान पुढे फुजैरातच होता, दर वसंतात राजीनामा देत होता. त्याचं आणखी काही तिथे वाजलं की नाही मला माहीत नाही. माणसं लांब गेली की कळत नाही.

त्या सकाळचं मात्र सांगायचं राहिलं.

उजाडलं तसा टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. हॉस्पिटलात जायचं होतं, तिथून पोलीस, तिथून दुबई, सगळं कळत होतं आणि पाय हलत नव्हते. खिडकीतून बघितलं तर खाली पठाण ड्रायव्हर डिकी उघडून उभा. जिन्यावर स्टोयानची पावलं ऐकली. मनात म्हटलं, गेला. बरं झालं, गेला ते. मला खरंच बरं वाटलं.

दार उघडं होतं. तो आत आला. दाढी केलेली नाही, शर्टाच्या गुंड्या एक सोडून एक लागलेल्या. त्याने इकडेतिकडे बघितलं, कपाटाखालून माझ्या चपला काढल्या आणि समोर उकिडवा बसून माझ्या पायात घालायला लागला. आधी डावी उजव्यात घातली. मग काढून नीट घातली. माझ्या हाताला धरून जिना उतरवला.

ड्रायव्हर म्हणाला, "सामान कहां है, साब? एअरपोर्ट ना?"

"एअरपोर्ट खलास," स्टोयान म्हणाला. "हॉस्पिटल चलो."

मी मान वर केली. म्हणालो, "अहो, तिकडे तुमचं..."

"तिकडे खूप माणसं आहेत," तो म्हणाला. "यल्ला, चला."

पुढची सीट रिकामी होती. तो मागे, माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने दार ओढून घेतलं.